आर्किटेक्टसोबत घर बांधताना: पहिल्या भेटीपासून ताबा घेईपर्यंत

घर बांधताना सगळ्यात महाग पडतो तो उशिरा घेतलेला निर्णय. कागदावरची खिडकी अर्धा मीटर सरकवणे हे आर्किटेक्टचे काही मिनिटांचे काम आहे. लिंटेल (खिडकीवरची आडवी काँक्रीटची पट्टी) ओतून झाल्यावर तीच खिडकी सरकवायची तर भिंत फोडावी लागते, नवा लिंटेल टाकावा लागतो, आणि एवढे करूनही जुन्या-नव्या जोडावर पुढे बारीक तडा उमटण्याची शक्यता राहतेच. म्हणून कोणता निर्णय कोणत्या टप्प्यावर पक्का व्हायला हवा हे मालकाला आधी ठाऊक असले पाहिजे, आणि झालेला प्रत्येक निर्णय नकाशावर उतरला पाहिजे.

भेटीआधी घरी बसून करायचे काम

आर्किटेक्टकडे जाताना आवडलेल्या घरांची चित्रे नेली तर हरकत नाही, पण त्याहून उपयोगी पडतात ती तीन कागदांवरची टिपणे.

पहिल्या कागदावर घरातल्या प्रत्येक माणसाचा दिवस लिहा. कोण कधी उठते, सकाळी एकाच वेळी किती जणांना न्हाणीघर लागते, घरी बसून काम कोण करते, पाहुणे किती दिवस राहतात, कपडे कुठे वाळतात. दहा-पंधरा वर्षांनी घरात कोण असेल तेही लिहा. जिना चढू न शकणारी व्यक्ती असेल किंवा होईल असे वाटत असेल, तर तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि तिला जोडून टॉयलेट हवेच. चाकाची खुर्ची वळायला साधारण १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा आणि दाराला ९० सेंमी मोकळी रुंदी लागते. ही जागा नंतर काढता येत नाही.

दुसऱ्या कागदावर घरात येणाऱ्या मोठ्या वस्तूंची मापे घ्या: पलंग, कपाटे, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, जेवणाचे टेबल. खोली किती मोठी हवी हे या मापांवरून ठरते.

तिसरा कागद पैशांचा. तुमची एकूण रक्कम आणि बांधकामाची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण रकमेतून आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, माती परीक्षण, मंजुरीचे शुल्क, पाणी-वीज-सांडपाण्याची जोडणी, कुंपण आणि फर्निचर वजा करा. उरलेल्यातून किमान १० टक्के अनपेक्षित खर्चासाठी बाजूला काढा. त्यानंतर राहील तो आकडा आर्किटेक्टला सांगा, आणि खरा सांगा. आकडा लपवला तर आराखडा अंदाजाने मोठा होतो आणि पुढे निविदा हातात आल्यावर छाटावा लागतो. छाटलेला आराखडा मुळातून लहान आखलेल्या आराखड्याइतका चांगला कधीच होत नाही.

क्षेत्रफळाचा हिशेब करताना फक्त खोल्यांची बेरीज धरू नका. भिंती, जिना आणि येण्याजाण्याच्या वाटा यांत आणखी पाव ते एक तृतीयांश जागा जाते. खोल्या मिळून १०० चौरस मीटर होत असतील, तर बांधकाम १२५ ते १३५ चौरस मीटरच्या आसपास जाते.

जमिनीची माहिती

आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: मोजणीचा नकाशा आणि माती परीक्षणाचा अहवाल.

मोजणीच्या नकाशात चारही बाजूंबरोबर दोन्ही कर्ण, रस्त्याची पातळी, जमिनीचा उतार, झाडे, विजेच्या तारा, शेजारच्या इमारती, गटाराची जागा आणि गटाराच्या तळाची खोली दाखवलेली असावी. ही शेवटची गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. सार्वजनिक गटाराचा तळ किती खोल आहे हे कळले नाही, तर जोते किती उंच घ्यायचे हे ठरवता येत नाही. घरातल्या सांडपाण्याच्या नळाला साधारण १:६० उतार धरला, तर १२ मीटर लांबीत २० सेंमी उंची खर्च होते. तेवढी उंची हाती नसेल तर पाणी पंपाने उचलावे लागते.

माती परीक्षणासाठी घराच्या जागेत एकाहून अधिक ठिकाणी बोअर किंवा खड्डे घ्यावेत, कारण एकाच प्लॉटवर एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात भराव सापडू शकतो. अहवालात मातीची भारक्षमता, भूजलाची पातळी आणि माती फुगणारी आहे का, हे पाहा. फुगणारी चिकणमाती ओली झाली की वर उचलते आणि सुकली की आकसते. तिच्यावर उथळ पाया ठेवला तर भिंतींना तिरके तडे जातात. परीक्षण वाचवून झालेली बचत पायाच्या खर्चात सहज निघून जाते, कारण माहिती नसली की इंजिनिअर सुरक्षिततेसाठी पाया जड धरतो.

आर्किटेक्टची निवड आणि करार

नोंदणी आणि परवाना तपासणे हे झालेच. त्यापुढे, ज्या घरांत लोक किमान तीन-चार वर्षे राहत आहेत अशी त्यांची दोन घरे आत जाऊन पाहा. नव्या घराचा रंग सगळ्यांचाच चांगला दिसतो. चार वर्षांनी गच्ची गळते का, न्हाणीघराच्या भिंतीमागे ओल आहे का, खिडकीखाली पाण्याचे ओघळ आहेत का, हे पाहिले की तपशिलाची समज कळते. मालकाला एक प्रश्न जरूर विचारा: काम सुरू असताना अडचण आली तेव्हा आर्किटेक्ट किती दिवसांत साइटवर आले?

करारात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. फी टक्क्यांवर, क्षेत्रफळावर की ठोक. टक्क्यांवर असेल तर कोणत्या खर्चाच्या. हप्ते कोणत्या टप्प्याला. संकल्पनेचे किती पर्याय आणि किती दुरुस्त्या फीत धरल्या आहेत. साइटवरच्या भेटी किती, आणि कोणत्या कामांना भेट अनिवार्य. स्ट्रक्चरल, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलचे नकाशे कोण देणार आणि त्यांचे पैसे कोण भरणार. मध्येच काम थांबले तर तोवरचा हिशेब कसा होणार. आर्किटेक्टची ‘देखरेख’ म्हणजे रोजची हजेरी नव्हे, ही गोष्ट इथेच उघड बोला. रोज साइटवर उभे राहणारा माणूस हवा असेल तर साइट इंजिनिअर वेगळा नेमावा लागतो.

संकल्पनेचा आराखडा कसा वाचावा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. १:१०० च्या नकाशावर प्रत्येक खोली प्रशस्त भासते, म्हणून त्यावर सामान मापात काढलेले हवे. नसेल तर त्याच प्रमाणात कागदाचे तुकडे कापून स्वतः ठेवून पाहा.

पलंगाच्या कडेने किमान ६० सेंमी वाट, कपाटासमोर ९० सेंमी. कपाटाची खोली ६० सेंमी असते, त्यामुळे दाराची चौकट कोपऱ्यापासून १० सेंमीवर असेल तर त्या भिंतीला कपाट बसत नाही. जेवणाच्या टेबलामागे खुर्ची ओढायला ७५ ते ९० सेंमी. स्वयंपाकघरात समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये १२० सेंमी. ओट्याची उंची ठरवताना स्वयंपाक करणाऱ्या माणसाला उभे करून कोपरापर्यंतची उंची मोजा आणि त्यातून १० ते १५ सेंमी वजा करा. तयार आकडा घेतला की कुणाची तरी पाठ दुखते.

जिन्याचा हिशेब स्वतः करून पाहा. पायरीच्या दोन उंच्या आणि एक रुंदी यांची बेरीज ६० ते ६३ सेंमी आली की चाल सहज पडते. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३१५ सेंमी उंची असेल तर १७.५ सेंमीच्या १८ उंच्या होतात. रुंदी २७ सेंमी धरली तर बेरीज ६२. मध्ये वळणारा जिना असेल तर प्रत्येक टप्प्यात ९ उंच्या आणि ८ पायऱ्या, म्हणजे २१६ सेंमी. त्यात मधला चौक १०० आणि वरची मोकळी जागा १०० मिळवली की जिन्याला ४.१६ मीटर लांबी लागते. नकाशात ३.५ मीटरच दिसत असेल, तर कुठेतरी पायरी उंच किंवा अरुंद केलेली आहे. जिन्याखालून जाणाऱ्या वाटेला डोक्यावर २१० सेंमी मोकळी उंची मिळते का, हेही पाहा.

यानंतर छेद, म्हणजे घर उभे कापल्यासारखे दाखवणारा नकाशा, मागा. मजल्याच्या नकाशात उंची दिसत नाही. बीम खोलीत किती खाली उतरतो, खिडकीच्या वर किती भिंत उरते, उजेड किती आत येतो हे छेदातच कळते. उन्हाबद्दल एक साधा नियम आहे. दुपारी सूर्य उंच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर आडवा छज्जा काम करतो. पश्चिमेचे ऊन कलते आणि खालून येते, तिथे छज्जा लांबवून फारसा उपयोग नाही. उभ्या पट्ट्या, झाड, जाळी किंवा त्या बाजूला जिना-कोठार ठेवणे हाच उपाय. वाऱ्यासाठी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची अशा दोन वाटा हव्यात. सरकत्या दोन पल्ल्यांच्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, हे धरून खिडकीचे माप ठरवा.

आराखडा जवळपास पक्का झाला की प्लॉटवर चुन्याने किंवा दोरीने तो खऱ्या मापात आखून घ्या. दारे मोकळी सोडा, पलंग-टेबलांच्या जागी चौकोन काढा आणि घरातल्या सगळ्यांनी त्यात चालून पाहावे. उघड्यावर खोल्या असतात त्याहून लहान वाटतात. तेव्हा घाबरून मापे वाढवू नका. सध्याच्या घरातली ओळखीची खोली मोजून तिच्याशी ताडून पाहा.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला लवकर बसवा

आराखडा मंजुरीला जाण्याआधी आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. नाहीतर कॉलम दाराच्या वाटेत येतो किंवा बीम पलंगाच्या डोक्यावरून जातो. वरच्या मजल्यावरचे टॉयलेट खालच्या टॉयलेटवरच आहे का, हे पाहा. ते बैठकीच्या खोलीवर आले तर नळ छतातून फिरवावे लागतात आणि गळती झाली की ती थेट बैठकीत दिसते. नळांचा डक्ट (नळ वरून खाली नेणारी उभी पोकळी) माणूस आत शिरून काम करू शकेल एवढा ठेवा, आणि त्याला दार ठेवा.

पातळ्या याच बैठकीत ठरतात. टॉयलेटच्या जागी स्लॅब किती खाली घ्यायचा, गच्चीचा आणि बाल्कनीचा स्लॅब खोलीच्या स्लॅबपेक्षा किती खाली, हे आकड्यांत लिहून घ्या. गच्चीवर १:१०० उतार दिला तर ६ मीटरला ६ सेंमी उंची वाढते. त्यात जलरोधक थर आणि फरशी मिळवा. स्लॅब दोन्हीकडे एकाच पातळीत ओतला असेल तर गच्ची खोलीपेक्षा उंच होते आणि पाऊस दारातून आत येतो. या चुकीला नंतर उंच उंबरा घालण्यापलीकडे उपाय राहत नाही.

कार्यकारी नकाशे

मंजुरीचा नकाशा बांधकामासाठी पुरत नाही. मध्यरेषांचा नकाशा, पाया आणि कॉलमचे तक्ते, बीम-स्लॅबच्या सळईचे तपशील, प्रत्येक मजल्याची लिहिलेली मापे, दारे-खिडक्यांचा तक्ता, जिन्याचा तपशील, टॉयलेटच्या चारही भिंतींची उभी चित्रे, सांडपाण्याचा उतारासह नकाशा आणि फर्निचरवर आखलेला विजेचा नकाशा, एवढे तरी हातात आल्याशिवाय निविदा काढू नका.

विजेचा नकाशा मालकाने स्वतः तपासावा. प्रत्येक दार कुठे उघडते आणि बटणे त्यामागे लपत नाहीत ना, पलंगाच्या दोन्ही बाजूंना सॉकेट आहे का, जिन्याचा दिवा खालून-वरून दोन्हीकडून बंद होतो का, गच्चीवर आणि गेटपाशी वीज पोचते का. स्लॅबमधून जाणारे पाइप ओतण्याआधीच टाकावे लागतात, म्हणून दिवे-पंख्यांच्या जागा वाटतात त्यापेक्षा बऱ्याच आधी ठरवाव्या लागतात.

प्रत्येक नकाशावर क्रमांक, तारीख आणि दुरुस्तीचा क्रमांक असावा, आणि बांधकामासाठी दिलेल्या प्रतीवर तसा शिक्का. नवी प्रत आली की जुनी साइटवरून काढून घ्या. कारागीर भिंतीला अडकवलेला कागद पाहतो. त्याला बदल झाल्याचे कळायला दुसरा मार्ग नसतो. माप नेहमी लिहिलेले वाचायचे, पट्टी लावून मोजायचे नाही. आकडा नसेल तर तो विचारायचा.

कंत्राटदार

परिमाणपत्रक, म्हणजे प्रत्येक कामाचे वर्णन, मोजमाप आणि परिमाण असलेला तक्ता, आर्किटेक्टकडून करून घ्या आणि किमान तीन कंत्राटदारांकडून त्याच तक्त्यावर दर मागवा. क्षेत्रफळावर ठोक दर दिला की सोपे वाटते, पण त्यात नेमके काय धरले आहे हे कुणालाच सांगता येत नाही आणि भांडण तिथून सुरू होते.

फक्त एकूण बेरीज पाहू नका. खोदाई, पाया आणि काँक्रीट यांचे दर चढे आणि फरशी, रंग, दारांचे दर फारच कमी असतील तर सावध व्हा. असा कंत्राटदार सुरुवातीलाच आपला नफा काढून घेतो आणि शेवटच्या, चिकाटीच्या कामात त्याचा रस उरत नाही. पैसे मोजून झालेल्या कामाचेच द्या, प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के राखून ठेवा, आणि तक्त्याबाहेरचे काम दर लेखी ठरल्याशिवाय सुरू होणार नाही असे करारात लिहा. झाकले जाणारे काम, म्हणजे खोदाई, पाया, सळई, हे झाकण्याआधी मोजायचे.

साइटवर काय तपासायचे

लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर घराची आखणी करण्याच्या, दिवशी आर्किटेक्ट हजर हवेत. कर्ण मोजा: ९ मीटर गुणिले १२ मीटरच्या घराचे दोन्ही कर्ण १५ मीटर यायला हवेत. दोन कर्णांत फरक असेल तर घर गुण्यात (काटकोनात) नाही, आणि ते पुढे प्रत्येक खोलीच्या फरशीत तिरक्या तुकड्यांनी दिसते. कायमची पातळीखूण अशा जागी करा की काम संपेपर्यंत ती हलणार नाही.

काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी इंजिनिअरची तपासणी आणि लेखी परवानगी, हा नियम मोडू देऊ नका. सळईचा व्यास आणि अंतर नकाशाप्रमाणे आहे का. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा ठरावीक थर (कव्हर) राहावा म्हणून लावायचे छोटे ठोकळे, लावले आहेत का: स्लॅबला साधारण २० ते २५ मिमी, कॉलमला ४०, फुटिंगला (कॉलमखालच्या पायाला) ५०, किंवा इंजिनिअर सांगेल तेवढे. कव्हर कमी पडले की ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. बाल्कनी आणि छज्जासारख्या अधांतरी भागांत मुख्य सळई वरच्या बाजूला असते. ओतताना माणसे तिच्यावर चालतात, ती दबून खाली जाते, आणि बाल्कनी मुळाशी तडकते. खाली पुरेशा खुर्च्या (वरची सळई उचलून धरणारे सळईचे आधार) आणि चालायला फळ्या हव्यातच. विजेचे पाइप, टॉयलेटचा खाली घेतलेला स्लॅब, नळांची छिद्रे आणि सेंट्रिंगचे टेकू पक्क्या जमिनीवर आहेत का, हे त्याच फेरीत पाहून घ्या.

ओतताना नजर पाण्यावर ठेवा. पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५ असेल तर ५० किलो सिमेंटला २५ लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरायचे. काँक्रीट सहज पसरावे म्हणून वरून बादलीभर पाणी टाकले जाते. ते पाणी उडून गेल्यावर आत सूक्ष्म पोकळ्या राहतात, ताकद घटते आणि स्लॅब गळतो. काँक्रीट दाबून बसवणारे व्हायब्रेटर दोन असावेत, कारण एक बंद पडला तर ओतणे थांबवता येत नाही. त्याच काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे भरून ७ आणि २८ दिवसांनी त्यांची ताकद तपासा, आणि कोणता ठोकळा कोणत्या भागाचा हे त्यावरच लिहा. पाणी किमान ७ दिवस, कोरड्या-गरम हवेत १० दिवस, सतत मारायचे. दिवसातून दोनदा शिंपडणे म्हणजे पाणी मारणे नव्हे. स्लॅबवर पाणी साठवायला आळी बांधा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. टेकू इंजिनिअरने सांगितल्याशिवाय काढू देऊ नका.

जिन्याच्या स्लॅबला एक खास तपासणी लागते. खोलीतली फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून ५-६ सेंमी चढतो, पायरीवर बहुधा कमी. हा फरक ओतण्याआधी धरला नाही तर पहिली आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा वेगळी होते आणि माणूस नेमका तिथे अडखळतो.

गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून फोटो काढा, म्हणजे आतले पाइप पुढे सापडतात. टॉयलेटचे जलरोधक काम झाले की नळी बंद करून पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालच्या छताची पाहणी करा. ही चाचणी फरशी बसवण्याआधी करायची. फरशीनंतर गळती सापडली तर सगळे उखडावे लागते.

सूचना एकाच वाटेने

मालकाने गवंड्याला थेट सूचना देणे हे साइट बिघडण्याचे फार मोठे कारण आहे. ‘ही भिंत जरा पुढे घ्या’ एवढ्या वाक्यात खालचा बीम, वरची खिडकी आणि फरशीचा हिशेब असे सगळे बदलते, आणि चूक कुणाची हे पुढे ठरवता येत नाही. तुम्हाला काही खटकले तर आर्किटेक्टला सांगा. त्यांनी परिणाम, खर्च आणि लागणारे दिवस लेखी द्यावेत, तुम्ही सही करावी, नकाशा बदलावा, मग काम. साइटवर एक वही ठेवा: भेटीची तारीख, दिलेली सूचना, दोघांच्या सह्या. आठवड्याला एक ठरलेली बैठक घ्या आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत तुमच्याकडून कोणते निर्णय हवेत याची यादी आर्किटेक्टकडून मागा. फरशी, नळ आणि दारांचे नमुने काम तिथवर येण्याआधी निवडलेले असले की घाईत मिळेल ते घ्यावे लागत नाही. नळांचे मॉडेल तर भिंतीतले पाइप टाकण्याआधीच ठरायला हवे, कारण भिंतीत लपणाऱ्या प्रत्येक भागाची खोली वेगळी असते.

ताबा घेताना

आर्किटेक्टबरोबर खोलीवार फिरून उणिवांची यादी करा. प्रत्येक दार-खिडकी उघडा-मिटा, सगळे नळ एकदम सोडून निचरा पाहा, टॉयलेटमध्ये बादली ओतून पाणी जाळीकडेच जाते का आणि कोपऱ्यात साचत नाही ना हे बघा. फरशीवर नाण्याने ठोकत चला. पोकळ आवाज आला तिथे खाली मसाला नाही. प्रत्येक सॉकेट तपासणीच्या उपकरणाने पाहा आणि अर्थिंगची चाचणी लेखी घ्या.

यादीतली कामे पूर्ण झाल्यावर राखलेल्या रकमेतला निम्मा भाग द्यावा, उरलेला एक वर्षाने, म्हणजे घरावरून सगळे ऋतू जाऊन गळती, तडे आणि फुगणारी दारे समोर आल्यावर. शेवटच्या बिलाबरोबर प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे दुरुस्त केलेले नकाशे, ठोकळ्यांचे अहवाल, गिलाव्याआधीचे फोटो, मंजुरीची आणि पूर्णत्वाची कागदपत्रे, पंप व जलरोधक कामाची हमीपत्रे आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या टॉयलेटचा हे दाखवणारा नकाशा एकत्र फाइलमध्ये घ्या. यातले काही बाकी असेल तर बिलाचा तेवढा भाग थांबवा. पैसे पूर्ण चुकते झाल्यावर हे कागद गोळा करणे फार कठीण जाते.